मुक्या दुखण्याचे कोडे

घरातले माणूस आजारी पडले की निदान कण्हते तरी. मांजर कोपऱ्यात जाऊन बसते, पोपट पिसे फुगवतो. पण मासा? तो ना ओरडत, ना रडत. गेल्या हिवाळ्यात आमच्या नागपूरच्या घरात असे मुके दुखणे शिरले आणि सगळ्यांची झोप उडवून गेले.

मुलाने तीन फायटर मासे पाळले होते. हा मासा मूळचा थायलंडकडचा. २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. पंख नवरदेवाच्या शेल्यासारखे, पण स्वभाव असा भांडखोर की दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचे लचके तोडतील. म्हणून तिघांच्या तीन काचेच्या बरण्या. सासूबाई म्हणायच्या, "तीन भाऊ, तीन चुली!"

आधी लाल्याने खाणे सोडले. पंख मिटून तळाशी बसू लागला. मधूनच उसळी मारून दगडाला अंग घासायचा. चौथ्या दिवशी तो गेला. मग निळू आणि मोती यांचेही तेच सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली गं." हे म्हणाले, "अगं, शंभर रुपयांचा मासा! रविवारी नवे आणून देतो." मुलगा गप्पच होता. रात्री अंथरुणात त्याने हळूच विचारले, "आई, मी आजारी पडलो तर बाबा नवा आणतील?"

दुसऱ्याच दिवशी मी बाहेर पडले. जनावरांच्या डॉक्टरांकडे माशांचा इलाज नव्हता. मासे विकणारे एक वयस्कर दुकानदार मात्र म्हणाले, "ताई, अंधार करून टॉर्चच्या उजेडात पाहा."

रात्री दिवे मालवून बरणीवर बाजूने टॉर्च धरला आणि आम्ही थक्कच झालो. निळूच्या अंगावर जेजुरीचा भंडारा उधळावा तशी बारीक सोनेरी धूळ! दिवसा ती दिसतच नव्हती. या रोगाला वेल्व्हेट म्हणतात. अतिसूक्ष्म परजीवी माशाच्या कातडीला आणि कल्ल्यांना चिकटून त्याला पोखरतात.

पण बरण्या वेगळ्या, मग रोग पसरला कसा? हे कोडे मुलानेच सोडवले. मासे उचलायची जाळी तिन्ही बरण्यांत एकच! ओल्या जाळीबरोबर रोगही घरोघर फिरला होता.

दुकानदारांनी तांब्याचा अंश असलेले औषध दिले आणि ते थेंब मोजूनच घालायला बजावले, कारण जास्त झाले तर माशालाच घातक. गोगलगाय असेल तर ती आधी काढायची. तिला हे औषध मुळीच सोसत नाही. हा परजीवी वनस्पतीसारखा उजेडावरही काही प्रमाणात जगतो, म्हणून बरण्या काळ्या कापडाने झाकल्या. त्या मोठ्या टबात ठेवून टबातले पाणी हीटरने २८ अंशांवर राखले. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, धूळ दिसेनाशी झाली म्हणून औषध थांबवायचे नाही. परजीवी माशावरून गळून तळाशी पडतो, तिथे एकाचे अनेक होतात आणि नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिलावळीवरच.

तुमच्याही घरी मासे असतील तर प्रत्येक भांड्याची जाळी वेगळी ठेवा. नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे त्याला निराळा ठेवा. आणि आठवड्यातून एकदा टॉर्च लावून पाहा. रोग लवकर दिसला तर मासा वाचण्याची आशा असते.

मोती उपचार सुरू असतानाच गेला. निळू मात्र तगला. अकराव्या दिवशी त्याने पंख उघडले आणि दाण्यावर झडप घातली.

मधल्या एका कडाक्याच्या रात्री वीज गेली होती. हीटर बंद पडला. तेव्हा गॅसवर पाणी कोमट करून टबात ओतायला उठले ते हेच! अंगावर शाल, तोंडात टॉर्च आणि हातात पातेले. मुलाने दारातून ते पाहिले. तो प्रश्न त्याने पुन्हा कधी विचारला नाही.