निवृत्तीपासून उलटं मोजलेलं वय

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात मूल कधी व्हावं हे वडीलधारी मंडळी नवराबायकोच्या वयावरून ठरवत नसत, निवृत्तीच्या तारखेवरून ठरवत. वसाहत केंद्र सरकारची. क्वार्टर नोकरीपायी मिळायचं आणि नोकरी संपली की काही महिन्यांत सोडावं लागायचं. म्हणून हिशोब शेवटाकडून सुरू व्हायचा. निवृत्तीच्या दिवशी थोरलं मार्गी लागलेलं हवं, धाकट्याचं निदान कॉलेज संपत आलेलं हवं. तिथून वजाबाकी करत मागे आलं की बाप व्हायचं योग्य वय निघायचं. आईचं वय या गणितात कुठे येतच नसे.

माझे वडील या गणितात नापास. साताऱ्याहून दिल्लीला मिनिस्ट्रीत कारकून म्हणून आले, आधी बहिणींची लग्नं उरकली, मग स्वतःचं, मग क्वार्टरसाठी प्रतीक्षा यादी. १९७७ साली मी झाले तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. मला सायकल शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांचे गुडघे बोलू लागले होते. मागे धावायला त्यांनी शेजारच्या पोराला लावलं आणि स्वतः बाकावर बसून सूचना देत राहिले. पण याच माणसाला संध्याकाळी घरी आल्यावर माझ्याशी बोलायला वेळ असायचा. पंचविशीत बाप झालेले शेजारचे काका तेव्हा खात्याच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेले असत. उशिरा बाप झालेल्याची बढती होऊन गेलेली असते, हा फायदा कुणी सांगत नाही.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची निवृत्ती होती. मी शिकतच होते. आई पुण्यात भाड्याचं घर बघायला नातेवाइकांना पत्रं लिहीत होती. मे महिन्यात सरकारनं वेतन आयोगाच्या शिफारशीवरून निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं आणि एका आदेशानं सगळ्या कॉलनीतले बाप दोन वर्षांनी तरुण झाले. १९६२ साली ५५ चं ५८ झालं तेव्हा आधीच्या पिढीनंही असंच हुश्श केलं असणार. मी नोकरीला लागले त्याच सुमारास वडील निवृत्त झाले. आईनं याचं श्रेय देवाला दिलं. मी अजूनही वेतन आयोगालाच देते.

हे झालं बापांच्या वयाचं. बायकांचं बघायचं तर माझी आजी सोळाव्या वर्षी आई झाली होती आणि त्याबद्दल कधीच बोलत नसे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं, आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं. मूल कधी, हा बाईनं विचारायचा प्रश्न आहे असं म्हणायलाही आपल्याकडे असा खटाटोप करावा लागला.

आमच्या कॉलनीत तो प्रश्न बायकांकडे आला तोही रजेच्या वाटेनं. २००८ साली सहाव्या वेतन आयोगानंतर बाळंतपणाची रजा १८० दिवसांची झाली, आणि मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवसांची वेगळी रजा आली. मीही सरकारी नोकर. ऑफिसात जेवणाच्या डब्याभोवती आम्ही निवृत्तीऐवजी रजेचे हिशोब मांडायला लागलो. मला मुलगा झाला २०१३ साली, छत्तिसाव्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘एल्डरली’ असं लिहिलं आणि शांतपणे समजावलं की बाईची बीजं ती जन्मतानाच ठरलेली असतात, वाढत नाहीत, आणि पस्तिशीनंतर त्यांचं प्रमाण आणि प्रत दोन्ही भराभर उतरतात. हे गणित कुठलाही वेतन आयोग बदलत नाही. २०२१ च्या कायद्यानं कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठी बाईला ५० आणि पुरुषाला ५५ पर्यंत मुभा दिली आहे, पण कायद्यानं दिलेली मुभा शरीर पाळतंच असं नाही.

मला उशिराचा त्रास झाला तो वेगळ्याच जागी. वडील माझ्या वेळी ३७ चे, मी मुलाच्या वेळी ३६ ची. म्हणजे नातू झाला तेव्हा आजोबा ७३ चे. दोन पिढ्यांच्या उशिराची बेरीज आजोबांच्या खात्यावर पडली. नातवाला सायकल शिकवायला त्यांच्याकडे बाकावरून सूचना द्यायचीही ताकद उरली नव्हती.

ऑफिसातली एक मैत्रीण लक्ष्मीबाई नगरातच राहते. ती ४१ ची, नवरा ४६ चा. दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं. दत्तकाचं काम बघणारं केंद्र सरकारचं ‘कारा’ आमच्यापासून जवळच, रामकृष्णपुरमला. २०२२ च्या नियमांत दोघांच्या वयांची बेरीज बघतात: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५ च्या आत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० च्या आत. यांची बेरीज ८७. तान्ह्या बाळाचा पर्याय गेला. सासूबाई हिरमुसल्या, एवढं मोठं पोर आपलं कसं होणार, म्हणाल्या. मी त्यांना आमच्या कॉलनीला जिचं नाव दिलंय तिची गोष्ट सांगितली. झाशीच्या राणीचा स्वतःचा मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला, आणि १८५३ च्या नोव्हेंबरात तिचे पती गंगाधरराव मरायच्या आदल्या दिवशी दत्तक घेतलेला दामोदर तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं वारस म्हणून तो नामंजूर केला. राणीनं मुलगा म्हणून त्याला शेवटपर्यंत सोबत ठेवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण त्याला मराठी येत होतं ना?”

मैत्रिणीनं अर्जात दोन ते चार वर्षांवर खूण केली. “चालेल,” म्हणाली, “लंगोट धुवायचे वाचले. आणि माझ्या निवृत्तीला पोर वीस-बाविशीचं असेल, बघ, बरोबर बसतंय.”