टी-शर्टच्या पाठीमागचा हिशोब

मित्रहो, हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाच्या दारात वर्षभरात किती वस्तू विकायला येतात, याची कोणी मोजदाद केली आहे का? गॅदरिंगचे टी-शर्ट, डिपार्टमेंटचे हुडी, इव्हेंटचे पास, पास आऊट होणाऱ्या सीनिअरचा कूलर, ड्राफ्टर आणि तीन वर्षे ऊन न पाहिलेली गादी... या सगळ्यात एक टी-शर्ट मात्र निराळा असतो. तो विकणारा किंमत सांगायच्या आधीच म्हणतो, "घे रे, चांगल्या कामासाठी आहे!"

हे "चांगले काम" म्हणजे नेमके काय आणि ते किती रुपयांचे, हा प्रश्न मला एरवी पडला नसता. पण यंदा या टी-शर्टच्या हिशोबाची वही माझ्याकडे आली. (मी मेकॅनिकलचा, तेव्हा मला बेरीज येत असावी असा सगळ्यांचा समज!) जगातल्या कुपोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला आपले हॉस्टेल दर वर्षी या विक्रीतला नफा पाठवते, एवढे सर्वांना माहीत आहे. त्याच्या पुढचे लिहावे म्हणून हा प्रपंच.

पहिली शंका अर्थातच रूममेटची. "टी-शर्टची भानगड कशाला? सरळ पैसे मागा की!" मुद्दा बिनतोड होता. म्हणून आम्ही मेसच्या दाराशी, ताटे ठेवतात तिथे, एक पेटी ठेवली. महिन्याभराने उघडली तेव्हा ६१२ रुपये निघाले, आणि सोबत एक शर्टाचे बटण. गेल्या वर्षी सीनिअर्सनी २१२ टी-शर्ट विकून २५,४४० रुपये पाठवले होते. म्हणजे माणसे तीच, खिसे तेच. फरक इतकाच की पेटी गप्प उभी असते, आणि टी-शर्ट अंगावर घालून कट्ट्यावर मिरवता येतो.

ही युक्ती आपली नव्हे, फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफची मदत चेकोस्लोव्हाकियातल्या रुडोल्फो नावाच्या खेड्यात पोचली. तिथल्या यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढले. कागद मिळेना म्हणून काचेवर रंगवले. १९४९ मध्ये त्याचेच युनिसेफचे पहिले ग्रीटिंग कार्ड झाले. पुढे जगभर ही कार्डे विकली गेली. आपल्याकडे विमानात पर्सर म्हणून काम करणाऱ्या रिप्पन कपूर यांनी १९७९ साली मुंबईत मित्रांना जमवून, ५० रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' सुरू केली, आणि तिलाही ग्रीटिंग कार्डांनीच मोठा हात दिला. आपल्या आईवडिलांच्या पिढीने दिवाळीला पाठवलेली क्रायची कार्डे अजून कुठल्यातरी ट्रंकेत सापडतील.

२००६ मध्ये गायक बोनो आणि बॉबी श्रायव्हर यांनी 'रेड' आणले. मोठमोठ्या कंपन्यांनी लाल रंगाच्या वस्तू विकायच्या आणि त्यातला वाटा एड्सशी लढणाऱ्या ग्लोबल फंडाला द्यायचा. दुसऱ्याच वर्षी 'अ‍ॅडव्हर्टायझिंग एज' या मासिकाने लिहिले की जमले १.८ कोटी डॉलर आणि जाहिरातींवर गेले १० कोटींपर्यंत! रेडवाल्यांनी ते आकडे मान्य केले नाहीत. पण आजवर या मार्गाने ७० कोटी डॉलरहून जास्त रक्कम ग्लोबल फंडाला गेली आहे, हेही खरे. दोन्ही बाजू ऐकून माझे मत असे झाले की, विक्री वाईट नाही. फक्त वही उघडी पाहिजे.

तर आपली वही. गेल्या वर्षीचा टी-शर्ट ३०० रुपयांना. घाऊक बाजारातून तयार कोरा टी-शर्ट १४०, छपाई ४०. राहिले १२०. या १२० रुपयांचे काय होते? तीव्र कुपोषित मुलाला एक खास पेस्ट देतात. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे व खनिजे. फ्रान्समध्ये १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियां या डॉक्टरांनी आणि मिशेल लेस्कान या उत्पादकाने ती बनवली. नाव 'प्लम्पीनट'. ९२ ग्रॅमची पुडी, त्यात ५०० कॅलरी. शिजवायची नाही, पाणी घालायचे नाही, फ्रीज नको. आईने कोपरा फाडायचा आणि मुलाने चोखायचे. मी हे सांगत असताना मेसचे काका वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "म्हणजे शेंगदाण्याची चिक्कीच की हो ही, पातळ!" अगदी तसेच, काका. या पातळ चिक्कीच्या १५० पुड्यांचा एक खोका असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो एका मुलाला मरणाच्या दारातून मागे आणू शकतो. खोक्याची किंमत साधारण ४० ते ५० डॉलर, म्हणजे ढोबळमानाने ४,००० रुपये. एक पुडी २७ रुपयांची.

म्हणजे एका टी-शर्टमागे साडेचार पुड्या. २१२ टी-शर्टमागे सहा मुले. फक्त सहा! हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा वाटले, चार विंगा पालथ्या घालून फक्त सहा? आणि मग त्या सहांमधले एक आपल्या घरातले आहे असे धरून पाहिले. पुन्हा "फक्त" म्हणवले नाही.

"पण आपल्याकडे मेळघाट असताना तिकडे नायजर-सोमालियाला कशाला?" हा प्रश्न अमरावतीकडच्या मित्राने विचारला, आणि त्याचा तो हक्कच आहे. मला एवढेच सुचले की भूक पासपोर्ट बघून लागत नाही, आणि मेसच्या पेटीत मेळघाटसाठीही कोणी टाकत नव्हते. त्याने पुढच्या टर्मला मेळघाटसाठी विक्री करायची असे ठरवून टाकले आहे. त्याच्या वहीत माझे नाव पहिले आहे.

खरा पेच पडला तो वेगळ्याच प्रश्नाने. ऑर्डर द्यायच्या मीटिंगला टेक्स्टाइलची एक मुलगी आली होती. इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते १२० कुठे जातात ते कळलं. १८० कुठे जातात?"

मी म्हणालो, "तो खर्च आहे."

"कोणाचा? शिवणारीला त्यातले किती मिळतात?"

मग तिने सांगितले ते असे. ब्रिटनमध्ये स्पाइस गर्ल्स या गायिकांच्या नावाने टी-शर्ट विकले गेले होते. किंमत १९.४० पौंड, त्यातले ११.६० पौंड 'कॉमिक रिलीफ' या संस्थेच्या स्त्री-समानतेच्या मोहिमेला. आपल्या भाषेत कार्यक्षमता जवळजवळ ६० टक्के! आमची जेमतेम ४०. मी मनात म्हटले, वा! पण जानेवारी २०१९ मध्ये 'गार्डियन' वृत्तपत्राने छापले की ते टी-शर्ट बांगलादेशातल्या ज्या कारखान्यात शिवले, तिथे बायकांना तासाला ३५ पेन्स मिळत होते आणि काही दिवशी १६ तासांपर्यंत काम करावे लागत होते. गायिकांनी आणि संस्थेने आपल्याला हे ठाऊक नव्हते असे सांगितले. असेलही. कारण "चांगल्या कामासाठी" म्हटले की पुढचे कोणी विचारतच नाही.

मी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "माल तिरुपूरचा आहे. शिवणाऱ्याचं मला काय माहीत साहेब? किती पीस टाकू?" त्याचे काही चुकले नाही. त्याला आजवर हे कोणी विचारले नसेल.

दोन दिवस वाद चालला. मार्ग होता. तालुक्याच्या गावी एका बचत गटाकडे ओव्हरलॉक मशीन आहेत. त्या बायका शाळेचे गणवेश शिवतात. होजिअरी कापड आपण आणून द्यायचे, शिलाई नगाला ४५ रुपये, हा दर त्यांनीच सांगितलेला. कापड ११०, शिलाई ४५, छपाई ४५, गाडीभाडे १०. झाले २१०. म्हणजे नगामागे ३० रुपये जास्त.

इथे प्रश्न सोपा राहत नाही. ३० रुपये म्हणजे एका पुडीहून जास्त! एक सिव्हिलवाला तर चिडून म्हणाला, "इथे शिवणारी उपाशी नाहीये. तिकडे पोर मरतंय. तू कोणाच्या तोंडातली पुडी काढतोयस?" त्याला उत्तर देणे मला जमले नाही, आजही पूर्ण जमत नाही. पण दुसऱ्या बाजूनेही बघा. आज जिला शिलाईचे धड पैसे मिळत नाहीत, तिच्या मुलासाठी उद्या कोणीतरी टी-शर्ट विकायला निघणार. एका हाताने खड्डा खणायचा आणि दुसऱ्याने बुजवायचा. थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण यंत्राची कार्यक्षमता काढतो तेव्हा आत काय घातले तेही लिहावे लागते, नुसते बाहेर काय आले ते लिहून मार्क मिळत नाहीत.

हा विचारही नवा नाही. अमेरिकेत एडना रूथ बायलर या बाईंनी १९४६ पासून पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांचे भरतकाम विकत घेऊन आपल्या गाडीच्या डिकीतून विकले. त्यातूनच पुढे 'टेन थाउजंड व्हिलेजेस' ही संस्था उभी राहिली. आणि इतके लांब तरी कशाला? वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांना भीक नको, काम दिले. तिथला हातमागाचा टॉवेल विकत घेतला की 'खर्च' हाच मुळी कोणाचा तरी पगार असतो. नफ्याची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी मतदान झाले. किंमत ३२०, खर्च २१०, नफा ११०. आणि प्रत्येक रुपया कुठे जातो ते मेसच्या फळ्यावर लिहायचे.

निकाल सांगतो. यंदा १८८ टी-शर्ट विकले गेले, गेल्या वर्षीपेक्षा २४ कमी. "महाग आहे" म्हणून काहींनी घेतला नाही, त्यांच्यावर राग नाही. २०,६८० रुपये पाठवले. म्हणजे पाच मुले. बचत गटातल्या पाच जणींना मिळून ८,४६० रुपये मिळाले. त्यातली एक मला म्हणाली, "पुढच्या वेळी पंधरा दिवस आधी सांगा दादा, रात्रीचा दिवस करायला लावू नका." हेही वहीत लिहून ठेवले आहे.

सहाव्या मुलाचे काय, हे मात्र वहीत लिहिता येत नाही. तो फरक आहे आणि तो आपण ठरवून केला. कोणाला तो पटला नसेल तर मीटिंगला या, भांडा. पुढच्या वर्षी किंमत तीच ठेवून २३० टी-शर्ट विकले तर सहा मुले होतात आणि शिवणारीचेही पूर्ण पैसे देता येतात. हे गणित सोडवायला इंजिनिअरिंग लागत नाही, फक्त चार विंगांत आणखी बेचाळीस दारे वाजवावी लागतील.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कोणी दारात येऊन "चांगल्या कामासाठी आहे" म्हणाला तर त्याला हाकलू नका. आत बोलवा, आणि दोन प्रश्न विचारा. यातले किती पोचतात? आणि हे ज्यांनी बनवले त्यांना किती मिळाले? उत्तर नीट मिळाले तर घ्या, नाही मिळाले तर शोधायला लावा. रेक्टर सरांनाही विनंती, पुढच्या वर्षी फळ्याची एक बाजू आमच्यासाठी राखून ठेवावी.

हिशोबाची वही आता सेकंड इयरकडे देत आहे. आणि हो, डबल एक्सेलची ऑर्डर थोडी जास्त द्या. मेसचे जेवण वाटते तितके वाईट नाही!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी