हॉटेलाची पाटी : काही टिपणं

नवं हॉटेल म्हटलं की मालकाची मागणी ठरलेली : "जरा ऐतिहासिक लूक पाहिजे." म्हणजे ढाल-तलवार, दगडी कमान, दोन मशाली आणि वाढप्याच्या डोक्यावर फेटा. हॉटेल कोल्हापुरात काढा नाहीतर नागपुरात, लोगो तोच.

\*

'शिवकालीन थाळी'त बटाट्याची भाजी आणि टोमॅटोचं सार. दोन्ही जिन्नस आपल्याकडे घरोघर पोचले ते इंग्रजी अमलात. जेवण झकास असतं, तक्रार फक्त नावाबद्दल.

\*

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी परस्पर वापरायला १९५०च्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिवाय २०२२पासून महाराष्ट्रात जिथं दारू मिळते त्या जागेला थोर पुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. हे मालकाला आधी सांगावं. पाटी रंगवून झाल्यावर सांगितलं तर बिल अडकतं.

\*

कोल्हापुरापुरतं बोलायचं तर पाटीवर घ्यायला माल भरपूर. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान (१९१२), पेठापेठांतल्या तालमी, सिनेमावाले बाबूराव पेंटर, १९२९ साली इथंच सुरू झालेली 'प्रभात' फिल्म कंपनी. रंग हवा तर आखाड्यातल्या तांबड्या मातीचा घ्यावा. भगव्याच्या गर्दीत निदान वेगळा दिसेल.

\*

पण हॉटेलवाल्यांनी मुळात वाचावा तो गंगाराम कांबळे यांचा किस्सा. संस्थानच्या पागेत नोकरी. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावलं आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. नाव 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा गावात पिणार कोण? महाराज आपली खडखडा गाडी थेट दारात थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजानं घोट घेतल्यावर इतरांची नाही म्हणायची काय बिशाद!

आम्ही ब्रँड, ब्रँड म्हणतो तो हाच. नाव जे सांगतं तेच दारात घडत होतं. लोगोची गरजच पडली नाही.

\*

ही गोष्ट भिंतीवर रंगवायचं कुणाच्या मनात आलं तर जरूर रंगवा. फक्त त्याच हॉटेलात भांडी घासणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवू नका.