माळावरचं घर

मुलांनो, दौंडहून शिरूरकडे जाताना माळ नीट पाहिलाय? वाळलं गवत, दगड, बोरी. ‘पडीक आहे!’ माझ्या वर्गातली मुलंही असंच म्हणाली.

पण असा माळ म्हणजे खोकडाचं घर. कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं. ते बिळात राहतं. उंदीर, टोळ, बोरं खातं. म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच!

माळ नांगरला, कारखाने आले, की बीळ मोडतं. दाट झाडं लावली, तरी गवत जातं आणि खोकडही. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला सुमारे ५ चौरस किलोमीटर माळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य म्हणून राखला. पण बाकीच्या माळांचं काय?

बीळ दिसलं तर काठी घालू नका हं. लांबूनच पाहा. आणि माळाला पडीक म्हणू नका!