फ्यूज दुसऱ्यांदा उडतो तेव्हा

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरावा लागतो. जुलैत तिथे पाऊस आणि धुकं एकदमच येतं. हेळवाक मागे टाकून घाटाला लागलो आणि पहिल्या काही वळणांतच वायपर जडावले. दोन-तीन फेऱ्या कशाबशा झाल्या, मग पाती काचेच्या मधोमध थांबली. समोरचं काही दिसेना. शेजारी आई बसली होती. वळणावर थांबणं धोक्याचं होतं. म्हणून चारही इंडिकेटर लावले, बाजूची काच खाली केली, बाहेर बघत पहिल्या गिअरमध्ये डोंगराच्या अंगाची रुंद जागा गाठली आणि गाडी उभी केली.

वायपर बंद पडले की आधी कान द्यायचा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवायची आणि स्विच टाकायचा. मोटर गुरगुरते पण पाती हलत नाहीत, असं असेल तर आर्मचा नट ढिला झालेला असतो किंवा मोटर आणि पात्यांमधलं लिंकेज निसटलेलं असतं. एकच पातं हलत असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूचा नटच ढिला निघतो. आमच्या गाडीतून आवाजच येत नव्हता. म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचत नव्हती, नाहीतर मोटरच गेली होती.

फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं. त्यावरच्या तक्त्यात वायपरसमोर 20 अँपिअर लिहिलेलं होतं. पिवळा फ्यूज उपसून मोबाइलच्या उजेडात धरला, तर आतली पट्टी तुटलेली. जादा फ्यूज पेटीतच होता. स्विच बंद करून तो बसवला, मग वायपर लावले. पाती जरा थरथरली आणि नवा फ्यूजही गेला.

जुना फ्यूज एकदा उडाला तर तो नुसता थकलेला असू शकतो. नवा लगेच उडाला, तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे किंवा मोटर अडून जास्त करंट ओढते आहे. थांबण्याआधी पाती मंदावली होती, त्यामुळे मला दुसरी शंका जास्त वाटली.

तेवढ्यात एक ट्रक मागे येऊन थांबला. क्लीनर म्हणाला, "ताई, फ्यूजच्या जागी तार मारू का? लगेच चालू होईल." मी नको म्हटलं. तारेने फ्यूज उडायचा थांबतो, करंट थांबत नाही. मग मोटर जळते, वायरिंग वितळतं, आग लागू शकते. ड्रायव्हरदादांनी मात्र खिशातली तंबाखू काढली, ओली करून काचेवर बाहेरून चोळली. पाण्याचे थेंब धरायचे थांबले आणि काचेवर पातळ सपाट थर पसरला. घाटातले ड्रायव्हर हा उपाय पूर्वीपासून करतात. "पण ताई, पाऊस ओसरल्याशिवाय हलू नका," असं बजावून ते गेले. आम्ही बराच वेळ थांबलो. सर विरळ झाली, धुकं उचललं, तेव्हाच घाट उतरलो.

पायथ्याच्या गॅरेजमधले मिस्त्री वयस्कर होते. मोटर बदलायची का, असं विचारल्यावर म्हणाले, "थांबा ताई. आधी मोटर आणि लिंकेज वेगळं करून बघू." त्यांनी दोन्ही आर्म काढले, काचेखालची प्लॅस्टिकची जाळी उचलली. खाली गुलमोहराच्या बारीक पानांचा लगदा साचला होता. आमच्या सोसायटीतल्या गाड्या गुलमोहराखालीच उभ्या असतात. पानांनी पाणी जायचं भोक बुजलं होतं आणि साठलेल्या पाण्याने उजव्या आर्मचा स्पिंडल गंजून घट्ट बसला होता.

लिंकेज सोडवून त्यांनी नवा 20 चा फ्यूज घातला. मोकळी मोटर सुरळीत फिरली. "बघा, मोटर जळलेली नाही, अडलेली होती." मग स्पिंडलवर गंज सोडवणारं तेल मारलं, पकडीने इकडेतिकडे फिरवत तो मोकळा केला, पुसला आणि ग्रीस भरलं. आर्म लावण्याआधी मोटर चालवून स्विच बंद केला, म्हणजे ती आपोआप थांबायच्या जागी आली. त्या जागी पाती काचेच्या खालच्या कडेला धरूनच नट आवळले. हे चुकलं तर पाती एकमेकांवर आपटतात. लिंकेज हलत असताना त्यांनी मला बोटं लांब ठेवायला सांगितलं. त्यात बोट चिरडतं.

सगळ्या कामात नवीन भाग लागला तो एक फ्यूज. क्रमाने तपासल्यामुळे चांगली मोटर वाचली. मला त्या मिस्त्रींचा मनापासून आदर वाटतो, कारण मोटर विकण्याआधी त्यांनी ती तपासली.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोर काच असलेल्या मोटारीला चालू स्थितीतले वायपर असणं बंधनकारक आहे. पण कायद्यापेक्षा घाटातलं वळण जास्त कडक असतं. म्हणून मे महिन्यातच बॉनेट उघडून काचेखालची पानं काढा, काच ओली करून वायपर सगळ्या वेगांवर चालवून बघा. ते नेहमीपेक्षा हळू चालत असतील तर लगेच दाखवा. तक्त्यात लिहिलेल्या अँपिअरचेच जादा फ्यूज गाडीत ठेवा. आणि वाटेत वायपर बंद पडलेच, तर सुरक्षित जागी थांबा आणि समोरचं दिसल्याशिवाय गाडी हलवू नका.