ऐकणारा चेहरा

‘जॉनी मेरा नाम’ 1970 साली पडद्यावर आला, तेव्हा त्यातल्या दोन भावांपैकी प्राण पन्नास वर्षांचे होते आणि देव आनंद सत्तेचाळीसचे. त्यांची आई झालेल्या सुलोचनाबाईंचं वय होतं बेचाळीस. थोरला लेक आईपेक्षा आठ वर्षांनी मोठा, धाकटा पाच वर्षांनी! तरी हा हिशेब मांडावा असं थेटरात कुणाच्याही मनात आलं नाही. त्याआधी अकरा वर्षं, ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूरच्या आई होत्या आणि शम्मी कपूर त्यांच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान.

पांढरी साडी, कानशिलाजवळ पिकलेले केस आणि थरथरता आवाज एवढ्यावर पडद्यावरची आई उभी राहते, असं आपण फार सहज म्हणून टाकतो. रंगभूषा कुणीही करून देतं. पण पन्नाशीच्या प्राणांनी ‘माँ’ म्हटलं आणि ते खरं वाटलं, ही करामत रंगभूषेची नव्हे. सुलोचनाबाईंचं काम मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे आणि मला त्याचं एकच कारण दिसतं. त्या ऐकायच्या. समोरचा बोलत असताना बहुतेक नट आपल्या वाक्याची वाट बघत उभे असतात. नजर लावून बघितलं की ते कळतं. सुलोचनाबाईंच्या चेहऱ्यावर समोरच्याचं वाक्य आधी उतरायचं, मग जिरायचं आणि त्यानंतर त्या बोलायच्या. कधी बोलायच्याही नाहीत. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला मुळात वाक्यं कमी. कॅमेरा नायकावर, गाणी नायिकेला, टाळ्या खलनायकाला. उरतं ते ऐकणं. ते त्यांनी उरलंसुरलं म्हणून केलं नाही, मुख्य काम म्हणून केलं.

त्यांचा जन्म 30 जुलै 1928चा, खडकलाटचा. निपाणीहून चिकोडीच्या अंगाला गेलं की हे गाव. काळी माती, तंबाखूची आणि आता उसाची शेतं. त्या वेळी हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यातला. इथली माणसं घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड, आणि निम्म्यांना ही दोन्ही बोलणी वेगळी आहेत हे शाळेत गेल्यावर कळतं. थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो, आत्याला आत्ती. बसमध्ये शेजारी येऊन बसलेला माणूस पहिलं वाक्य कुठल्या भाषेत काढतो, इकडे आमचा कान असतो. तो बोलला की मग आम्ही तोंड उघडायचं. या भागात वाढलेल्या माणसाला आधी ऐकायची सवय लागते ती अशी. सुलोचनाबाईंच्या अभिनयाचं मूळ तिथं आहे, असं मी मानतो. याला पुरावा मागू नये. मी याच मातीतला असल्यामुळे मला ते त्यांच्या मानेच्या वळण्यातून ओळखू येतं.

नाटक-सिनेमाचं बी या जिल्ह्यात जुनंच. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पण सिनेमात शिरायचं तर निपाणीच्या माणसाचा रस्ता बेळगावला जात नाही, कोल्हापूरला जातो. चाळीसेक किलोमीटरचं अंतर. दवाखाना, लग्नाचा बस्ता, अंबाबाईचं दर्शन, सगळं कोल्हापूरलाच. खडकलाटची ही मुलगीही तिथंच गेली.

मास्टर विनायकांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’मध्ये 1943च्या सुमारास त्या किरकोळ कामं करू लागल्या. त्याच कंपनीत त्यांच्याहून वर्षभरानं लहान असलेली, वडील नुकतेच गेलेली एक मुलगी घर चालवण्यासाठी छोट्या भूमिका करत होती. लता मंगेशकर. पुढं विनायकरावांनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं. लताबाई तिकडे गेल्या आणि सुलोचनाबाई भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या. तिथले सगळे कलावंत भालजींना ‘बाबा’ म्हणायचे. सुलोचना हे नाव त्यांनीच दिलेलं, डोळे बघून. खडकलाटची बोली पडद्यावर जशीच्या तशी चालणारी नव्हती. आमच्या बोलण्यात हेल आहे, वाक्याच्या शेवटी ‘की’ आणि ‘गा’ येतात. ती जीभ भालजींच्या हाताखाली घडत गेली. 1946च्या ‘सासुरवास’पासून त्या नायिका म्हणून उभ्या राहिल्या.

मग 1948 आलं. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा जळाला आणि ‘मीठ भाकर’ची फिल्म आगीत गेली. भालजींनी तो चित्रपट पुन्हा चित्रित केला. पुढच्या वर्षी तो लोकांसमोर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. मला त्या दुसऱ्यांदा केलेल्या कामाचं फार वाटतं. स्टुडिओच्या भिंती काळ्या पडलेल्या, ओळखीच्या वस्तू राख झालेल्या, आणि विशी गाठलेल्या मुलीनं तेच प्रसंग, तेच हसणं, तेच रडणं नव्यानं करायचं. नाटकाच्या नटाला रोज तेच करायची सवय असते. सिनेमाच्या नटाचं काम एकदा झालं की सुटतं. सुलोचनाबाईंना ते ऐन उमेदवारीत दोनदा करावं लागलं. पुढं त्यांच्या अंगी जो सोसण्याचा ठामपणा दिसतो, त्यात या राखेचाही वाटा असणार.

1953 साली शांताराम आठवल्यांचा ‘वहिनींच्या बांगड्या’ आला. य. गो. जोशींची कथा, आणि धाकट्या दिराला पोटच्या पोराप्रमाणे वाढवणारी वहिनी. सुलोचनाबाईंनी तेव्हा पंचविशीही ओलांडली नव्हती. म्हणजे आई होण्याची सुरुवात हिंदीत झाली असं म्हणतात ते अर्धंच खरं. मराठीत नायिका असतानाच त्या आई झाल्या होत्या. या कथेवर 1961 मध्ये ‘भाभी की चूड़ियाँ’ निघाला आणि त्यात वहिनी झाल्या मीनाकुमारी. मीनाकुमारींचं दुःख फार सुंदर आहे, पण ते दुःख आधीपासून तिथं असतं, त्या ते घेऊनच दारातून आत येतात. सुलोचनाबाईंची वहिनी कामात असते. चूल, पाणी, पोराचं पांघरूण. दुःखाला तिच्याकडे वेळ नसतो म्हणून ते आल्यावर जास्त लागतं.

पण त्यांचं सर्वांत मोठं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’चं नाव घेईन. साल 1959. नूतन सुजाता, शशिकला रमा, आणि सुलोचनाबाई चारू, म्हणजे रमाची आई. पटकीच्या साथीत मेलेल्या दलित मजुराची तान्ही मुलगी या इंजिनियरच्या घरात येते आणि राहते. चारूला तिचा लळा लागतो आणि लळा लागला याचीच तिला धास्ती वाटते. पाहुण्यांना ओळख करून देताना ती सुजाताला मुलगी म्हणत नाही. मुलीसारखी आहे, असं म्हणते. सगळा चित्रपट त्या एका ‘सारखी’वर उभा आहे. तो उच्चारताना सुलोचनाबाई आवाज कठोर करत नाहीत. उलट मऊ करतात. चहाचा कप पुढं करावा तितक्या सवयीनं बोलतात, आणि मागं उभी असलेली नूतन ते ऐकते. दुष्ट सावत्र आई करणं सोपं होतं. प्रेक्षकांनी शिव्याही घातल्या असत्या. त्यांनी प्रेमळ बाई केली आणि त्या प्रेमळ बाईच्या घरात जात कशी राहते ते दाखवलं.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, आत्तीच्या शेजारी बसून. गल्लीत एकच टीव्ही. आत्ती निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जायची. संध्याकाळी येऊन आंघोळ केली तरी तिच्या पदराला तो ठसका असायचाच. तिच्याजवळ बसलं की शिंका यायच्या. त्या दिवशी जमलेल्या बाया चारूवर चिडल्या होत्या. एवढं जीव लावणारं पोरगं, आणि ही बया तिला आपलं म्हणत नाही! आत्ती तेवढी गप्प. चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, सुजाताचंच रक्त जुळतं, तिथवर ती एक शब्द बोलली नाही. सगळं संपल्यावर उठता उठता म्हणाली, “वाईट न्हाई रं ती. भ्यालीया.”

इतकं नेमकं परीक्षण मी नंतर कुठं वाचलं नाही. अक्षर न शिकलेल्या, हिंदी अर्धवट कळणाऱ्या बाईला ते कशावरून कळलं? चारू ‘मी घाबरले आहे’ असं कधीच म्हणत नाही. चेहऱ्यावरून कळलं. खडकलाटच्या बाईनं मुंबईत कॅमेऱ्यासमोर जे केलं ते चित्रपटानं कान महोत्सवापर्यंत नेलं, आणि तेच निपाणीच्या वखारीतल्या बाईपर्यंतही विनासायास पोचलं.

त्यानंतर हिंदीत त्यांना आईच्या भूमिकांची रीघ लागली. अडीचशेच्या आसपास हिंदी चित्रपट आणि पन्नासेक मराठी, असा आकडा सांगतात. ‘आये दिन बहार के’, ‘कटी पतंग’, ‘मजबूर’. सुनील दत्तच्या ‘रेशमा और शेरा’त अमिताभ बच्चन मुका होता आणि त्या त्याच्या आई होत्या, तेव्हा अमिताभला कुणी फारसं ओळखतही नव्हतं. यातल्या पुष्कळ भूमिका एकाच साच्यातल्या होत्या, हे कबूल करायला हवं. लेखकांनी त्यांना देव्हारा, औषधाची बाटली आणि आशीर्वाद यांपलीकडे फारसं काही दिलं नाही. हिंदी सिनेमानं या बाईकडे असलेल्यातलं फार थोडं वापरलं, याचा मला राग आहे. ज्या वयात पुरुष नट नायक म्हणून बहरतो, त्या वयात तिला विग चढवून कोपऱ्यात बसवलं.

मराठीनं मात्र त्यांना मधोमध उभं केलं. 1963चा ‘मोलकरीण’, 1968चा राजा ठाकूर यांचा ‘एकटी’. ‘एकटी’त त्यांचा मुलगा झाला होता काशिनाथ घाणेकर, त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, पुढं तो त्यांचा जावई झाला. त्यांची मुलगी कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’मध्ये ते सगळं लिहिलं आहे. आणि या दोन्हींच्या मधे, 1964 साली, भालजींचा ‘मराठा तितुका मेळवावा’. त्यात सुलोचनाबाई जिजाबाई झाल्या. संगीतकार म्हणून पाटीवर नाव होतं आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर. वीस वर्षांपूर्वी ‘प्रफुल्ल’च्या आवारात पडेल ते काम करणाऱ्या दोन मुली बाबांच्या चित्रपटात अशा भेटल्या. त्यांची जिजाबाई आवाज चढवत नाही. मुलाला आज्ञा करण्याआधी ती त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेते आणि म्हणून तिची आज्ञा मोडायची कुणाची छाती होत नाही. शिवरायांची आई आज महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर जशी येते, त्यात या बाईचा चेहरा किती मिसळला आहे याचा शोध घ्यायला हवा.

यात आम्हा सीमाभागातल्या माणसांना आत कुठंतरी लागणारं एक आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि खडकलाट, निपाणी, बेळगाव सगळं म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवशी आमच्याकडे अजून काळ्या फिती लावतात. त्यानंतर आठ वर्षांनी महाराष्ट्राच्या पडद्यावर जी जिजाऊ उभी राहिली तिचं जन्मगाव महाराष्ट्रात नव्हतं. सुलोचनाबाईंना 1999 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2009चा महाराष्ट्र भूषण पुरस्कारही त्यांना मिळाला. 4 जून 2023 रोजी मुंबईत वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या आणि शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत त्यांना शासकीय इतमामानं निरोप दिला गेला. महाराष्ट्रानं त्यांना आपलं म्हणताना ‘सारखी’ हा शब्द वापरला नाही, याचं समाधान आहे. गावाबद्दल तेवढं झालेलं नाही. पण त्यांच्या नावानं मला कुणाशी भांडायचं नाही. शेजारच्या कन्नड घरांतही त्यांना तितक्याच मायेनं ओळखतात. हिंदीतली ती आई दोन्ही घरांत एकाच टीव्हीवर दिसली आहे.

मला वाटतं, दर 30 जुलैला खडकलाटमध्ये, गावच्या मोकळ्या जागेत पडदा लावून त्यांचा एक चित्रपट दाखवावा. पाऊस असेल तर शाळेच्या सभागृहात. पुढच्या रांगा म्हाताऱ्या बायांना द्याव्यात, वखारीत, शेतात हयात घालवलेल्या. पुढाऱ्यांची भाषणं नकोत. पहिल्या वर्षी बहुतेक लोक ‘मराठा तितुका मेळवावा’ लावा म्हणतील, काही जण ‘वहिनींच्या बांगड्या’ मागतील. दोन्ही लावावेत, पण पुढच्या वर्षी. सुरुवात ‘सुजाता’नं करावी. आमच्या गावांत पाण्याच्या, देवळाच्या, लग्नाच्या बाबतीत अजून जी ‘सारखी’ शिल्लक आहे, तिच्यासमोर चारूला बसवावं. चित्रपट संपल्यावर दिवे लावायची घाई करू नये, आणि मग ज्याला जे वाटलं ते त्यानं आपापल्या भाषेत बोलावं. बाया बोलतील. माझी आत्ती असती तर तिला मी पहिल्या रांगेत बसवलं असतं.