४३ इंच!

मामांच्या दार-ए-सलामच्या शेजाऱ्याने मारलेल्या रानरेड्याचा फोटो पाहिला. "४३ इंच!" मामा कौतुकाने म्हणाले. रोलंड वॉर्डच्या नोंदवहीत वर्षानुवर्षं किमान ४२ इंच पसारा लागत आलाय, म्हणजे पठ्ठ्या पास.

मी मात्र कपाळ बघत होतो. शिंगांची बुडं जिथे जवळ येतात तिथे केस दिसत होते, बुडं अजून कच्ची. म्हणजे हा पोरगाच हो! त्याची रेडकं अजून व्हायची होती.

मी शिकारी नाही, पण मारायचाच तर कळपाबाहेर पडलेला, चिखलाने माखलेला म्हातारा बघावा. 'डग्गा बॉय' म्हणतात त्याला. डग्गा म्हणजे चिखल. टोकं झिजून बोथट झालेली, त्यामुळे इंचांत हमखास मार खातो. कपाळ मात्र दगडासारखं टणक. मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, "त्याची शिंगं काय भिंतीवर लावणार? तुटकी दिसतात!"